आईचा रक्तदाब आणि परेडचा धडा

परेडच्या सरावात माझ्या पुढच्या रांगेतली एक कॅडेट ‘सावधान’मध्ये उभी असतानाच चक्कर येऊन पडली. शाळेच्या डॉक्टरांनी तिला आडवे करून पाय उंच ठेवले. ती शुद्धीवर आल्यावर त्यांनी आम्हाला जे समजावले, ते मी जीवशास्त्राच्या वहीत लिहून ठेवले.

आपण स्तब्ध उभे राहिलो की रक्त पायांत साचते. मानेतील धमन्या आणि महाधमनी यांच्या भिंतींत दाब ओळखणाऱ्या संवेदी चेता असतात. दाब उतरल्याचे त्या मेंदूला कळवतात. मेंदू अनुकंपी चेतातंतूंकडून हृदयाची गती वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो आणि दाब सावरतो.

स्त्रियांमधील इस्ट्रोजेन हे संप्रेरक याच्या उलट काम करते. त्याच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होते व वाहिन्या सैल राहतात. म्हणून तरुण स्त्रियांचा रक्तदाब सहसा समवयस्क पुरुषांपेक्षा कमी असतो. उभ्या उभ्या चक्करही मुलींनाच जास्त येते.

दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला घरी गेले. आई ५२ वर्षांची. पाळी थांबून दोन वर्षे झालेली, वजनही वाढलेले. डोके दुखते म्हणाली, वर “वय झालं गं आता!” मी हट्टाने दवाखान्यात नेले. दाब निघाला १५६/९४. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तरी १४० च्या वरच.

वही उघडली. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात. वजन वाढले की ते रक्तात वाढते आणि मेंदूमार्फत अनुकंपी चेतातंतूंना चेतवते. मूत्रपिंडाकडे जाणारे चेतातंतू जास्त काम करू लागले की मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते, दाब चढतो. तरुणपणी इस्ट्रोजेन हा ताण बराचसा झेलते. पाळी थांबल्यावर ते आधाराला राहत नाही. वजन तेच असले, तरी चाळिशीपूर्वी जे निभावले ते पन्नाशीनंतर निभत नाही.

डॉक्टरांनी आईला गोळी सुरू केली. लोणचे-पापड कमी करून रोज चालायला सांगितले. वजन एक किलो उतरले की वरचा दाब साधारण एक अंकाने उतरतो, असेही ते म्हणाले. आता आई रोज पहाटे फिरायला जाते आणि रविवारच्या फोनवर आधी दाबाचा आकडा सांगते.

मैत्रिणींनो, परेडला उभ्या राहाल तेव्हा बुटातल्या बुटात बोटे हलवा, पोटऱ्या आवळा. रक्त वर चढते. आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा आईचा रक्तदाब नक्की मोजून घ्या. उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच लक्षण दाखवत नाही.