फ्लॉपी कुठे रुसते आणि कुठे अजून कामाला येते

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं सांगलीत डीटीपीचं दुकान होतं. ते आवरताना साडेतीन इंची फ्लॉप्यांचे डबेच्या डबे निघाले. मुलाने यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. काही फ्लॉप्या लगेच उघडल्या, काही नुसत्या कटकट वाजत राहिल्या आणि काहींना ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?’ असं आलं. सासरे म्हणतात, ‘आमच्या मशीनवर या सगळ्या चालायच्या!’ सारख्याच दिसणाऱ्या फ्लॉप्या अशा वेगवेगळ्या का वागतात? आणि वस्तू इतकी बेभरवशाची आहे, तर विमानांत आणि रेल्वेत ती आजही वापरतात असं वाचलं, ते खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सासऱ्यांचे म्हणणे खरे असणार, आणि तुमच्या कोड्याचे अर्धे उत्तर त्यांच्या ‘आमच्या मशीनवर’ या शब्दांत आहे. फ्लॉपी उघडली नाही की ती खराब झाली असे आपण धरून चालतो. पुष्कळदा फ्लॉपी धड असते, ड्राइव्हही धड असतो. पण लिहिणारा ड्राइव्ह आणि वाचणारा ड्राइव्ह यांचे एकमेकांशी जमत नाही.

हे समजायला आधी कवचाच्या आत काय चालते ते पाहू. आत पातळ प्लास्टिकची गोल चकती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय लेप दिलेला असतो. ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला ३०० फेरे घेते. तिच्या प्रत्येक बाजूवर एकात एक अशी ८० वर्तुळे आखलेली असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर आणि एका सेक्टरात ५१२ बाइट. दोन्ही बाजू धरून गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. (यालाच १.४४ एमबी म्हणण्याची पद्धत पडली. खरे तर हा आकडा एकदा १०२४ने आणि एकदा १०००ने भागून आलेला आहे, त्यामुळे तो कोणत्याच हिशेबात नीट बसत नाही.) एका फेऱ्यात एका बाजूचा एक ट्रॅक वाचून होतो. सेकंदाला पाच फेरे आणि वाचायचे ट्रॅक १६०. म्हणजे सगळे सुरळीत असले तरी भरलेली फ्लॉपी ३२ सेकंदांच्या आत वाचून होणे शक्यच नाही. फ्लॉपी संथ वाटायची ती या साध्या गणितामुळे. त्यात संगणकाचा दोष फारसा नव्हता.

हे ८० ट्रॅक जेमतेम पंधरा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात बसवलेले असतात. वाचणारे हेड एक छोटी मोटार ठरावीक पावलांनी आत-बाहेर सरकवते. हार्ड डिस्कमध्ये चकतीवरच खुणा लिहिलेल्या असतात, त्या वाचून हेड आपली जागा सतत दुरुस्त करत राहते. फ्लॉपीच्या ड्राइव्हला ही सोय नाही. त्याला खात्रीने कळते ती फक्त सर्वांत बाहेरची, शून्य क्रमांकाच्या ट्रॅकची जागा. तिथून पावले मोजत जायचे आणि आपण बरोबर पोहोचलो असे मानायचे. वर्षानुवर्षांच्या वापराने हेडची जागा किंचित सरकली, तरी तो ड्राइव्ह स्वतः लिहिलेले स्वतः बिनचूक वाचतो, कारण लिहितानाही तो तितकाच सरकलेला असतो. अडचण येते ती दुसऱ्या ड्राइव्हवर. पाभरीने पेरलेल्या ओळींत कोळपे चालवायचे, तर दोन्हींच्या फणांतले अंतर जुळावे लागते, नाहीतर कोळपे पिकातच शिरते. तुमच्या घरी नेमके हेच झाले असण्याचा संभव आहे. म्हणून सासऱ्यांच्या जुन्या संगणकातला ड्राइव्ह अजून माळ्यावर असेल तर तो भंगारात देऊ नका. न उघडणाऱ्या फ्लॉप्यांसाठी जगातला सर्वांत योग्य ड्राइव्ह कदाचित तोच असेल.

आता ती कटकट. सेक्टर नीट वाचला गेला नाही की ड्राइव्ह हेड मागे नेतो, शून्यापासून पुन्हा पावले मोजतो आणि पुन्हा वाचून पाहतो. हे अनेकदा झाले की आपल्याला तो आवाज ऐकू येतो. डॉसच्या काळात याच्या शेवटी ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ असा प्रश्न पडद्यावर यायचा आणि माणसे आशेने ‘आर’ दाबत बसायची. ती आशा अगदीच खुळी नव्हती. चकती थोडी वेगळ्या रीतीने बसली किंवा हेड थोडे वेगळ्या जागी थांबले, तर पाचव्या वेळी सेक्टर खरोखर वाचला जातो.

‘फॉरमॅट केलेली नाही’ या सूचनेवर मला अधिक बोलायचे आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिच्यामुळे होते. कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे याचा तक्ता फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीला असतो. त्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात, पण दोन्ही शेजारी शेजारी, बाहेरच्या ट्रॅकवर. फाइलींच्या नावांची यादीही त्यांच्या लगतच. तेवढी जागा वाचता आली नाही की संगणकाला फ्लॉपी कोरी वाटते, मग आतले ७९ ट्रॅक शाबूत का असेनात. तेव्हा त्या सूचनेचा अर्थ ‘आत काही नाही’ असा घेऊ नका. ‘मला सुरुवात वाचता आली नाही’ असा घ्या. आणि फॉरमॅट करायला होकार देऊ नका. फॉरमॅट करताना ड्राइव्ह ट्रॅक नव्याने आखतो आणि मग मात्र फ्लॉपी खरोखरच कोरी होते.

याखेरीज फ्लॉपीचे काही त्रास तिच्या घडणीतूनच येतात. हार्ड डिस्कचे हेड चकतीपासून अतिसूक्ष्म अंतरावर तरंगते. फ्लॉपीचे हेड चकतीला प्रत्यक्ष घासते. म्हणजे प्रत्येक वाचनाबरोबर थोडी झीज होते आणि आत धूळ असेल तर चरे पडतात. धूळ यायची कुठून? पुष्कळ संगणकांत पंखा आतली हवा बाहेर फेकायचा आणि बाहेरची हवा फ्लॉपीच्या फटीतून आत यायची. म्हणून कधी न वापरलेला ड्राइव्हसुद्धा चार-पाच वर्षांनी ऐन वेळी दगा द्यायचा. आपल्याकडे भर पडते ती पावसाळी दमटपणाची. चकतीवर बुरशी धरते, ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही.

जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपीचा एक चकवा तर चांगल्या जाणकारांनाही फसवायचा. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० रुंद ट्रॅक असत, १.२ एमबीच्या ड्राइव्हचे हेड त्याहून अरुंद. या नव्या ड्राइव्हने जुनी फ्लॉपी वाचता यायची, पण तिच्यावर लिहिले की रुंद ट्रॅकच्या मधोमध नवा मजकूर आणि दोन्ही कडांना जुना उरलेला, असे व्हायचे. जुन्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येत आणि त्याचा गोंधळ उडे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. फ्लॉपीचा इंटरनेटशी संबंध नाही, म्हणून ती व्हायरसपासून सुरक्षित, असे आता बोलले जाते. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरमध्ये तयार झाला आणि जगभर पसरला तो फ्लॉप्यांवरूनच. तो फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरात बसायचा. अशा व्हायरसची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून संगणक सुरू केला, की फ्लॉपीवर डॉस नसले तरी पहिला सेक्टर चालवला जाई आणि तेवढे त्याला पुरत असे. फ्लॉपीचा सुरक्षेतला खरा गुण वेगळा आहे. तिच्या कोपऱ्यातली सरकती खिटी सरकवून भोक उघडे केले, की ड्राइव्हचे इलेक्ट्रॉनिक्सच लिहिणे बंद पाडते. संगणकातला कोणताही प्रोग्राम ते ओलांडू शकत नाही. बहुतेक पेनड्राइव्हना अशी खिटीच नसते. एसडी कार्डाला असते, पण ती पाळायची की नाही हे वाचणाऱ्या यंत्रावर असते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. होय, जे वाचलेत ते खरे आहे. बोइंग ७४७-४०० जातीच्या विमानांत दिशादर्शनाची माहिती दर २८ दिवसांनी ताजी करावी लागते आणि ती साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरण्याची व्यवस्था त्यांत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युनी मेट्रोची १९९८ साली बसवलेली स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा सव्वापाच इंची फ्लॉपीवरून सुरू होते. ती बदलण्याच्या कंत्राटाला २०२४मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलातील एका संदेशयंत्रणेतून आठ इंची फ्लॉप्या २०१९मध्ये हटल्या. जपानमध्ये सरकारदरबारी कागदपत्रे फ्लॉपीवर द्यावीत असे सांगणारे नियम एक हजाराहून अधिक होते. डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी २०२२मध्ये त्यांविरुद्ध मोहीम काढली आणि २०२४च्या मध्यापर्यंत ते जवळजवळ सगळे रद्द झाले. आपण फार वेगळे नव्हतो: टीडीएसचे ई-विवरणपत्र फ्लॉपीत भरून, सोबत २७ए फॉर्म जोडून सुविधा केंद्रावर नेऊन दिल्याचे कित्येक हिशेबनिसांना आठवत असेल.

मग बेभरवशाची वस्तू इतक्या जोखमीच्या ठिकाणी कशी टिकली? याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. आयबीएमने १९७१मध्ये पहिली आठ इंची फ्लॉपी आणली ती माणसांच्या फाइली साठवायला नव्हे. तिची क्षमता होती सुमारे ८० केबी आणि काम होते मोठ्या संगणकाला सुरू होताना लागणाऱ्या सूचना आत पोहोचवण्याचे. सूचना बदलल्या की नवी चकती टपालाने पाठवायची, एवढाच व्यवहार. त्या ड्राइव्हला लिहिताही येत नव्हते. पुढे १९७६मध्ये शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची आकार आणला, मग सोनीने साडेतीन इंची, आणि घरोघरच्या संगणकांत फ्लॉपी ही कपाटातली कायमची साठवण बनली. माझे स्पष्ट मत असे की तिची बहुतेक बदनामी या दुसऱ्या कामामुळे झाली. थोडी माहिती इथून उचलून तिथल्या यंत्रात घालायची, मूळ प्रत दुसरीकडे जपून ठेवायची आणि फ्लॉपी खराब झाली की नवी बनवायची, या पहिल्या कामात ती चोख होती. विमानात आणि मेट्रोत ती आजही तेच करते. शिवाय विमानातला सुटा भाग बदलायचा तर सगळ्या चाचण्या आणि परवानग्या नव्याने घ्याव्या लागतात. चालू ड्राइव्ह सांभाळणे त्यापेक्षा सोपे पडते.

हीच गोष्ट भरतकामाची यंत्रे, जुनी सीएनसी यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड यांची. पंचवीस-तीस वर्षे चालेल असे यंत्र घेतलेले असते आणि नक्षी किंवा सुरावट आत घालायला त्याला फ्लॉपीची फट एवढीच वाट असते. सोनीने २०११मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली. आता मिळतात त्या जुन्या साठ्यातल्या. अशा यंत्रांसाठी फ्लॉपीच्याच जागी बसणारा आणि पेनड्राइव्ह घेणारा पर्यायी ड्राइव्ह मिळतो. यंत्राला वाटते फ्लॉपीच घातली. त्याने पेनड्राइव्हची सगळी जागा मात्र यंत्राला मिळत नाही. पेनड्राइव्हवर १.४४ एमबीचे क्रमांक घातलेले कप्पे पडतात आणि बटणाने हवा तो निवडायचा असतो.

आता तुमच्या डब्यांविषयी. प्रत्येक फ्लॉपीची धातूची झडप बाजूला सारून मागचे चाक बोटाने फिरवा आणि चकती उजेडात पाहा. पांढरट डाग दिसले तर ती बुरशी; तशी फ्लॉपी वेगळी ठेवा, ड्राइव्हमध्ये घालू नका. झडप वाकडी असेल तर ती काढूनच टाका, नाहीतर आत अडकते. घालण्यापूर्वी खिटी सरकवून भोक उघडे करा. मग एकेक फाइल उघडून बघत बसण्यापेक्षा पूर्ण फ्लॉपीची नक्कल, म्हणजे इमेज, एकदाच हार्ड डिस्कवर उतरवा. चकतीला जितके कमी घासाल तितके बरे. न वाचलेल्या फ्लॉप्या दुसऱ्या ड्राइव्हवर आणि सासऱ्यांच्या जुन्या ड्राइव्हवर घालून पाहा. मधूनमधून ड्राइव्हचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल. ती फ्लॉपीची खराबी नव्हे. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या त्या काळच्या फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. तोच फाँट संगणकात घातला की मजकूर परत दिसतो आणि मग तो युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. म्हणून त्या डब्यांत ‘फाँट’ असे लेबल लावलेली फ्लॉपी सापडली, तर सर्वांत आधी तिची नक्कल करा. कोणत्या कामाला कोणता फाँट वापरला होता हे सासऱ्यांना आज आठवत असेल, तेव्हा त्यांना शेजारी बसवूनच हे काम करा आणि पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी उरका.