लहान तैलचित्रापासून मोठे चित्र



सुटीत तुमच्यापैकी काही जणांनी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ बसून तैलरंगात छोटी छोटी निसर्गचित्रे केली. ती आम्ही पाहिली, त्यांत ताजेपणा आहे. आता प्रदर्शनासाठी तीच मोठी करायची आहेत आणि खरी परीक्षा इथेच आहे. सहा बाय आठ इंचांचे चित्र अठरा बाय चोवीसवर नेले की लांबी तिप्पट, पण जागा नऊपट होते. तिकडे ब्रशच्या एका फटकाऱ्यात उभे राहिलेले झाड इथे नुसता हिरवा डाग दिसते.

इंग्लंडचे चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६-१८३७) यांनी यासाठी केलेली मेहनत पाहण्यासारखी आहे. रंगपेटीच्या झाकणात कागद लावून ते उघड्यावर रंगवीत. आकाशाच्या अभ्यासांमागे तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशासुद्धा लिहीत. 'द हे वेन' हे त्यांचे १८२१ चे प्रसिद्ध चित्र मात्र लंडनच्या चित्रशाळेत झाले. माप सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटर. नदीकाठच्या त्या घराचे लहान अभ्यास जवळ होते, तरी त्यांनी आधी तेवढ्याच मापाचे एक कच्चे तैलचित्र केले. त्यात पाण्याकाठी एक घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात त्यांनी तो रंगाखाली झाकून टाकला. गाडी अंदाजाने न काढता तिची रेखाटने गावाकडून मागवली. एवढे मोठे चित्रकार, पण अंदाज नाही! (आमच्याकडे बैलगाडीची चाके सर्रास अंदाजाने निघतात.)

तुम्ही लहान चित्रावर चौकोन पाडा, कॅनव्हासवर तितकेच मोठे चौकोन पाडून कोळशाने मुख्य आकार उतरवा. बारकावे आत्ताच नकोत. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ असावा, तेल वरच्या थरांत वाढवावे. उलट केले तर रंगाला पुढे भेगा पडतात. ब्रश मोठा घ्या. फोटो जवळ ठेवायला हरकत नाही, पण त्यात सावल्या बहुधा काळ्याच येतात. म्हणून खिडकी-कमानींचा तपशील फोटोतून आणि रंग आपल्या लहान चित्रातूनच घ्यावा, तोही दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली निळा-हिरवा फसवतो.

चौकोन पाडताना कुठे माहिती अपुरी आहे ते आपोआप कळेल. त्याची यादी करा आणि त्याच वेळेला, त्याच जागी पेन्सिल घेऊन परत जा.