राजदूत ३५० : दोन कार्ब्युरेटरांची घरगुती जुळणी

जपानच्या यामाहा कंपनीच्या सहकार्याने एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली राजदूत ३५० ही मोटारसायकल बाजारात आणली. 347 घनसेंटिमीटरच्या या गाडीचे उत्पादन त्या दशकाअखेरीस थांबले. तथापि हौशी वाहनधारकांनी जतन केलेल्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र कार्ब्युरेटर, हे तिचे वैशिष्ट्य आणि वाहनधारकाची डोकेदुखीही. एका बाजूची स्लाइड दुसरीहून आधी उचलली गेली की एका सिलिंडरवर अधिक भार पडतो, आयडलिंग अडखळते व पेट्रोल वाया जाते.

ही जुळणी करण्यास व्हॅक्यूम गेजची आवश्यकता नाही. सारख्या जाडीच्या दोन ड्रिल-काड्या, सतारीच्या बारीक तारेचा तुकडा आणि स्क्रू ड्रायव्हर एवढे पुरेसे होते. मात्र प्लग, पॉइंट व इग्निशनची वेळ आधी ठीक करून घ्यावी. मूळ दोष तेथे असता कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवीत बसणे व्यर्थ होय.

इंजिन बंद व थंड असताना एअर फिल्टरकडील रबर सोडवून कार्ब्युरेटरांची तोंडे उघडी करावीत. प्रथम दोन्ही केबल सैल ठेवून स्लाइडखालून तार सरकवावी. दोहोंकडे ती सारख्याच घर्षणाने जाईल, अशा बेताने आयडलिंगचे स्क्रू लावावेत. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दोन्हीकडे पुस्तिकेत दिलेले तितकेच फेरे उघडावे. जोर केल्यास स्क्रूचे टोक व त्याची बैठक खराब होते.

त्यानंतर ड्रिल-काड्यांचे गुळगुळीत दांडे स्लाइडखाली अडकवून बाहेरची टोके मोकळी ठेवावीत. प्रत्येकीस दोरा बांधणे हितावह. विसरलेली काडी इंजिनात खेचली गेल्यास होणारा खर्च गेजच्या किमतीहून कितीतरी अधिक असतो. आता ॲक्सिलरेटर अगदी सावकाश फिरवावा. दोन्ही काड्या एकाच क्षणी खाली झुकल्या पाहिजेत. जी मागाहून झुकेल तिच्या बाजूची केबल सैल आहे असे समजून, त्या कार्ब्युरेटरच्या डोक्यावरील ॲडजस्टर बाहेरच्या दिशेने फिरवावा व पुन्हा पाहावे. दोन्ही केबलींना किंचित ढिलाई राहिलीच पाहिजे, अन्यथा स्लाइड पूर्ण खाली बसत नाही. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवले असता आयडलिंग वाढू नये, ही त्याची खूण.

काड्या काढून, रबर बसवून, मोकळ्या जागेत इंजिन सुरू करावे. बंद खोलीत धुराने जीव जाण्याचा धोका असतो. दोन्ही सायलेन्सरांमागे थोड्या अंतरावर हात धरल्यास धुराचे ठोके सारखे लागतात की नाही ते कळते.

एक गोष्ट बहुधा राहून जाते. ॲक्सिलरेटरच्या केबलची एक शाखा ऑइल पंपाकडे जाते. कार्ब्युरेटरांची केबल हलविल्यावर पंपावरील खूण पुस्तिकेप्रमाणे जुळते किंवा कसे, हे पाहिल्याखेरीज गाडी रस्त्यावर नेऊ नये. पंप मागे पडल्यास तेल अपुरे मिळते आणि भर वेगात पिस्टन जाम होऊन चाक अडकू शकते.