सर्रा : घोड्याच्या रक्तातील परोपजीवी

बंगळुरू आणि घोडा यांचे नाते जुने आहे. तेथील छावणीत घोडदळ नांदले, शहरात शर्यतीचे मैदान उभे राहिले आणि जवळच्या कुणिगल येथे टिपू सुलतानाच्या काळात घोड्यांची पैदास सुरू झाली. याच शहराच्या येलहंका भागात पशुरोगांच्या प्रसाराचा अभ्यास करणारी ‘निवेदी’ ही राष्ट्रीय संस्था आहे. पशुधनाच्या काही प्रमुख रोगांची जिल्हावार पूर्वसूचना ती दोन महिने आधी देते. सर्रा हा त्यांपैकीच एक रोग होय. रक्तात वाढणाऱ्या परोपजीवीचा अंदाज आधी बांधता येतो, याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे.

ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा सर्राचा परोपजीवी एकपेशीय असून चाबकासारख्या कशाभिकेच्या साहाय्याने तो रक्तात वळवळत फिरतो. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान येथे तो प्रथम पाहिला. हाच जीव रोगाचे कारण आहे, हे त्याचे मत वरिष्ठांना पटले नाही. पुढे पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी या रोगाचा विस्तृत अभ्यास केला.

रोगाचा प्रसार मुख्यतः गोमाश्यांमुळे होतो. गोमाशीचा दंश वेदनादायक असल्याने जनावर तिला झटकून टाकते. मग अर्धवट राहिलेले रक्तशोषण ती शेजारच्या जनावरावर पुरे करते. तिच्या मुखांगांना लागलेल्या रक्तातून परोपजीवी नव्या शरीरात शिरतो. माशीच्या शरीरात त्याची वाढ होत नाही व तेथे तो फार वेळ जगतही नाही. साहजिकच जनावरे दाटीने बांधलेली असतात तेथे, आणि पावसाळ्यात व त्यानंतर माश्या वाढतात तेव्हा, रोग बळावतो. हवामानावरून अंदाज बांधता येतो तो यामुळेच.

घोड्याला थांबूनथांबून ताप येतो, रक्तक्षय होतो, खाणे चालू असूनही तो खंगत जातो, पाय व पोटाखालचा भाग सुजतो, मागील पाय लटपटू लागतात. उपचार न झाल्यास तो बहुधा दगावतो. खेचरालाही हा रोग होतो. गाढवात तो बहुधा सौम्य असतो.

तापाच्या चढउताराला कारण आहे. परोपजीवीच्या अंगावर प्रथिनाचे आवरण असते. त्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते व बहुतेक परोपजीवी मरतात. परंतु ज्या थोड्यांनी आवरण बदललेले असते ते वाचतात, वाढतात आणि ताप पुन्हा चढतो. या रोगावर लस नाही, ती यामुळेच. ताप नसताना घेतलेल्या रक्तात परोपजीवी दिसला नाही, एवढ्यावरून घोडा निरोगी ठरत नाही. अशा वेळी रक्त पुन्हा तपासणे व प्रतिपिंडांची चाचणी करणे अवश्य असते.

क्विनापायरामीनसारखी औषधे गुणकारी आहेत. मात्र अपुऱ्या मात्रेमुळे औषधाला दाद न देणारे परोपजीवी निर्माण होतात. दुसरी अडचण अशी, की गाईम्हशींच्या रक्तात हा जीव पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. तबेल्यातील घोडा बरा केला आणि शेजारच्या गोठ्याकडे दुर्लक्ष झाले, तर माशी रोग पुन्हा आणून सोडते.

मनुष्याच्या रक्तातील एक प्रथिन या परोपजीवीचा नाश करते. तरीही २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला. ते प्रथिन त्याच्या शरीरात कार्यक्षम नव्हते. उपचारांनी तो बरा झाला. असा प्रसंग अत्यंत विरळा असला, तरी आजारी जनावराचे रक्त हाताळताना काळजी घेतलेली बरी.

तबेल्यातील लीद व ओल वेळीच हटवणे, गोमाश्यांचा बंदोबस्त करणे, नवे जनावर तपासून मगच कळपात घेणे, आणि घोड्याबरोबर परिसरातील गुरांचेही रक्त तपासणे, हे सर्राविरुद्धचे खरे उपाय होत. आजारी घोडा एकट्या मालकाचा असला, तरी त्याचा रोग मात्र साऱ्या परिसराचा असतो.