‘उद्यापासून घरात इंग्रजीच बोलायचं का?’

दादरला पालकांशी बोलून झालं की खुर्च्या आवरेपर्यंत चार-पाच जण घुटमळत राहतात. खरे प्रश्न तेव्हाच निघतात. मागच्या खेपेला लालबागचं एक जोडपं थांबलं होतं. मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, यंदा एका इंटरनॅशनल शाळेत पाचवीला गेली. वडील म्हणाले, “मॅडम, शाळेने सांगितलंय घरात इंग्रजीच बोला. आम्ही दोघं बोलू कसंतरी. पण आईचं काय करायचं? ती मालवणीच बोलते.”

आजींचं काही करायचं नाही. त्यांना बोलू द्यायचं.

मराठीच्या अभिमानापोटी मी हे सांगत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल वर्ष-दोन वर्षांत शिकतं. त्या भाषेत अभ्यास झेपायला मात्र साधारण पाच ते सात वर्षं लागतात. आपली फसगत इथेच होते. मूल स्कूलबसमध्ये फाडफाड इंग्रजी बोलतं, आपण निर्धास्त होतो आणि सातवीत इतिहासाच्या निबंधावर ‘मुद्दा स्पष्ट नाही’ असा शेरा येतो. मग आपण त्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालतो. बोलणं तर त्याला येतच असतं! अडलेलं असतं ते ‘तुलना करा’, ‘समर्थन करा’, ‘मूल्यमापन करा’ यांतला फरक ओळखणं. जे मराठीत ‘कारणे द्या’ला नुसती माहिती लिहून मोकळं होतं, ते इंग्रजीतही तेच करणार.

उलटं उदाहरण घ्या. आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) प्राथमिक टप्प्याच्या शेवटच्या वर्षी, बहुतेक शाळांत पाचवीत, मुलं ‘एक्झिबिशन’ करतात: एक विषय निवडून त्याच्या मुळाशी जायचं. परळच्या एका मुलाने मसाला घेतला होता. एप्रिलच्या उन्हात तो आजीबरोबर लालबागच्या मिरची गल्लीत गेला. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, हे त्याने वहीत टिपलं. आजी म्हणाली, “मिरची आधी उन्हात कडक सुकवूक व्हयी.” का, तर ओली मिरची कांडपात नीट कुटली जात नाही आणि मसाल्याला बुरशी धरते. म्हणजे कारण आणि परिणाम दोन्ही आजीने मालवणीत दिले. मग भाजणं, परतणं, कुटणं, चाळणं यांना इंग्रजीत काय म्हणतात ते शोधताना पोरगं अडलं, कारण भाजणं आणि परतणं दोन्हींना त्याच्याकडे एकच ‘फ्राय’ होता. त्याच्या बाई हुशार. त्यांनी वही आधी मराठीतच पूर्ण करून घेतली, इंग्रजी नंतर. अशी बाई मिळाली तर फी वसूल झाली म्हणायची.

आता पुढचं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आयबी-केंब्रिजवाले त्यातून सुटत नाहीत. काही शाळा आठवड्यातून दोन तास उरकतात ती गोष्ट वेगळी. दहावीनंतर सक्ती संपते आणि आयबी डिप्लोमात भाषा निवडायची वेळ येते. पालक गोंधळतात ते इथे.

डिप्लोमात सहा विषय असतात, त्यांत साधारणपणे दोन भाषा. एक साहित्यासह शिकायची ‘लँग्वेज ए’, दुसरी नुसती भाषा म्हणून शिकायची: थोडी येत असेल तर ‘बी’, पाटी कोरी असेल तर ‘अ‍ॅब इनिशिओ’. आपल्याकडे पहिली इंग्रजी आणि दुसरी ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच, असा शिरस्ता. घ्या बापडे. पण अ‍ॅब इनिशिओ जर्मन घेऊन मुलगा जर्मनीत इंजिनिअर होईल, या भ्रमात राहू नका. तिथे जर्मन माध्यमाच्या पदवीला साधारण सी-१, म्हणजे बरीच वरची, पातळी मागतात. शाळेची दोन वर्षं तिथवर पोचवत नाहीत, काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनाच्या पायऱ्या वेगळ्या झिजवाव्या लागतात.

फार थोड्या पालकांना ठाऊक असलेली आणखी एक वाट आहे. शाळेत शिक्षक नसला तरी विद्यार्थी आपल्या भाषेचं साहित्य ‘लँग्वेज ए’ म्हणून स्वतः अभ्यासू शकतो. शाळेने देखरेख करायची असते. ही आणि इंग्रजी, अशा दोन ‘ए’ भाषांत किमान तीन-तीन गुण, सातपैकी, मिळाले आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. मराठीसाठी शाळेला आयबीकडे फार आधी विचारणा करावी लागते, तेव्हा अकरावी सुरू झाल्यावर जागे होऊन उपयोग नाही. हा मार्ग सोपा नाही. वाचनाची सवय नसलेल्या मुलाला तो मी सुचवणारही नाही.

“पण मराठीचा पुढे उपयोग काय?” हा प्रश्न मला परळमध्ये विचारला की हसू येतं. समोर केईएम रुग्णालय आहे. तिथल्या ओपीडीत पेशंट ‘कळ येते’, ‘मुरडा पडतो’, ‘जळजळतं’, ‘चमक भरते’ असं सांगतो आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पेपर असतो. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर जमेस धरतच नाहीत.

इंटरनॅशनल म्हणजे लाखांची फी असंही आता राहिलेलं नाही. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत केंब्रिजचा अभ्यासक्रम आणला, तोही मोफत. महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, त्यामुळे घरी तमीळ नाहीतर उर्दू बोलणारं मूल वर्गात असणं तिला नवं नाही.

त्या जोडप्याला मी शाळेत विचारायचे प्रश्न लिहून दिले. मुलीची मराठी किती पक्की आहे हे तुम्ही तपासलंत का? इंग्रजीसाठी तिला वर्गातून बाहेर काढणार, की विज्ञान-इतिहासाच्या तासालाच मदत करणार? मराठीचे तास किती, आणि ते परीक्षेच्या दिवसांत कोणाला देऊन टाकता?

वडिलांनी कागद खिशात घातला. आई मात्र थांबली. “आणि घरात?”

“रात्री जेवताना तिला विचारा, आज विज्ञानात काय झालं. आजींना समजेल असं सांग म्हणावं.”