वृद्धांचे पडणे : पादत्राणे आणि पावलांचा व्यायाम

सन २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. आयुर्मान वाढले, ही समाधानाची गोष्ट खरीच; परंतु वाढलेली वर्षे स्वतःच्या पायांवर उभे राहून घालविता आली पाहिजेत. त्या आड येणाऱ्या कारणांत ‘पडणे’ हे एक प्रमुख कारण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात व त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते.

मृत्यू टळला तरी खुब्याचे हाड मोडल्यास चालत्या-बोलत्या माणसाला अंथरूण धरावे लागते. हाड न मोडताही मनात भीती बसते. मग बाहेर जाणे थांबते, स्नायू दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. हे दुष्टचक्र तोडता येते. पडणे हा वार्धक्याचा अटळ भाग मानण्याचे कारण नाही.

पादत्राणे कशी असावीत?

तळपायाला जमिनीचा स्पर्श जितका स्पष्ट कळेल, तितका तोल चांगला सांभाळला जातो. म्हणून जाड व मऊ तळापेक्षा पातळ, टणक व खाचा असलेला तळ अधिक सुरक्षित असतो. टाच रुंद असावी व तिची उंची अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी असावी. मागे पट्टा नसलेली सैल स्लीपर किंवा तळ झिजून गुळगुळीत झालेली चप्पल पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात घातक ठरते. मागील पट्ट्याची सँडल किंवा बंदाचे बूट पायाला धरून राहतात. पाय दिवसअखेर किंचित सुजतात. म्हणून खरेदी सायंकाळी, दोन्ही पायांचे माप उभ्याने घेऊन करावी.

आपल्याकडे घरात पादत्राणे घालण्याची प्रथा नाही. तथापि, गुळगुळीत फरशीवर अनवाणी किंवा केवळ मोजे घालून चालणे वृद्धांना धोक्याचे असते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी तर अनवाणी चालूच नये. घरापुरता एक स्वच्छ, न घसरणारा जोड वेगळा ठेवल्यास प्रथेलाही बाध येत नाही.

केवळ चालणे पुरेसे नाही

चालण्याने हृदय व मन यांना लाभ होतो. मात्र एकट्या चालण्याने पडणे टळते, असे सिद्ध झालेले नाही. शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेणारे एक परीक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार तोल सांभाळण्याच्या व नित्याच्या हालचालींवर आधारलेल्या व्यायामांमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या कार्यक्रमात स्नायूंची ताकद, तोल व चालणे या तिहींचा मेळ घातलेला आहे. मेलबर्न येथे पाय दुखणाऱ्या वृद्धांना योग्य पादत्राणे, बुटात घालावयाचे आधार व घोट्याचे व्यायाम दिले असता वर्षभरात त्यांचे पडणे ३६ टक्क्यांनी कमी झाले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

हे व्यायाम साधे आहेत. भक्कम खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व बसणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे आणि भिंतीलगत बाजूला चालणे. आठवड्यातून किमान तीन दिवस ते करावेत. पूर्वी पडलेल्या किंवा उठताना भोवळ येणाऱ्या व्यक्तीने प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. औषधे व दृष्टी यांचीही तपासणी करून घ्यावी.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीने पाणवठा, मंदिर व दवाखाना यांच्या वाटेवर दिवे लावावेत, पायऱ्यांना कठडे बसवावेत आणि शेवाळ वेळोवेळी काढावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरातील न्हाणीघर, उंबरठा व पायऱ्या यांची पाहणी करवून घ्यावी. आरोग्य कर्मचाऱ्यांनी गृहभेटीत ‘गेल्या वर्षात आपण पडलात काय?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. कारण एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याचा संभव अधिक असतो आणि पडल्याचे वृद्ध सहसा आपणहून सांगत नाहीत. या कामांपैकी बहुतेकांना फारसा खर्च नाही. मोडलेल्या खुब्यामुळे त्या कुटुंबावर पडणारा भार मात्र अनेक वर्षे वाहावा लागतो.