झोटवाड्यात मराठी पुस्तक

प्रश्न : आम्ही जयपूरला झोटवाड्यात राहतो. आठ वर्षांची लेक हिंदी भरभर वाचते, मराठी पुस्तक मात्र दोन ओळींत मिटते. काय करावं?

उत्तर : लिपी येतेय, म्हणजे निम्मं काम झालं. नवा मुख्यतः ‘ळ’, आणि तोही राजस्थानी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून कानावर पडत असेल. तिला वाचायला बसवू नका. आधी तुम्ही वाचून दाखवा. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या. झोपताना, ओळीखाली बोट फिरवत, तेच पुस्तक पुन्हा पुन्हा. एक दिवस पुढची ओळ तीच म्हणेल. तेव्हा उच्चार सुधारायला अजिबात धावू नका. पुढे बालभारतीचं १९७१ पासून निघणारं ‘किशोर’ मासिक आहेच, जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. हिंदी वाचन मात्र थांबवू नका.